शुक्रवारची ट्रायल

दिवाळीच्या चिवड्यातले शेंगदाणे आम्ही बहिणींनी वेचून खाल्ले आणि डब्यात नुसते पोहे उरले, की आमच्या घरात सहलींची बोलणी सुरू व्हायची. पप्पा जेवायला बसत, भाकरीचा पहिला तुकडा मोडत आणि काही विशेष नाही अशा आवाजात विचारत, "मग, यंदा कुठला डोंगर?" आई तव्यावरून मान न वळवता म्हणायची, "आधी गरम गरम खाऊन घ्या. डोंगर कुठं पळून चाललाय?" पण आता होळीपर्यंत या घरात दुसरा विषय निघायचा नाही, हे तिलाही ठाऊक असायचं. जुईनगरला सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खिडकीतून रूळ दिसायचे. पहाटे कारशेडमधून रिकाम्या गाड्या बाहेर पडायला लागल्या की गाडीचा भोंगा आणि आईचा कुकर यांची जुगलबंदी चालायची. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना त्या आवाजात झोप लागायची नाही, आणि आम्हाला गावी गेलो की त्या आवाजावाचून लागायची नाही.

पप्पा खेडकडचे, आई परभणीकडची. ही सोयरीक कशी जमली ती कथा मोठी आहे, ती राहू दे. पण डोंगर या शब्दावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. आईच्या गावाबाहेर एक टेकडी होती, तिला पप्पा ढेकूळ म्हणायचे. आई म्हणायची, "असू द्या ढेकूळ. पण त्याच्यावर चढलं की चार गावं दिसतात. तुमच्या कोकणात समोरच्या झाडापल्याड काही दिसतं का?" भाकरीचंही तसंच. सहलीला ज्वारीची न्यायची की तांदळाची, यावर दर वर्षी वाद व्हायचा आणि दर वर्षी दोन्ही नेल्या जायच्या. बरोबर सुकटीची चटणी, पिठलं, आणि आईच्या माहेरची कारळाची चटणी. डोंगरावर पोचलो की पप्पा गुपचूप ज्वारीची भाकरी उचलायचे आणि आई तांदळाची. आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसायचो, पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

पप्पा रबाळ्याला एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. त्या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांची वीज शुक्रवारी बंद असायची, म्हणून आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. सगळ्या जगाचा रविवार आमच्याकडे साधा कामाचा दिवस, आणि आमचा रविवार शुक्रवारी. त्यामुळे लहानपणी सहलीसाठी आम्हाला शाळा बुडवावी लागायची. दुसऱ्या दिवशी आईच्या सहीची चिठ्ठी न्यायची, पोटात दुखत होतं. एकदा आमच्या वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी वाचून मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "थंडी आली की तुमच्या घरातली सगळी पोटं शुक्रवारीच कशी गं दुखतात?" मग त्या हळूच म्हणाल्या, "कुठे गेला होतात?" मी सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनीच आपल्या माहेरजवळची एक देवराई सुचवली आणि पप्पांना निरोप पाठवला की तिथे मधमाश्यांची पोळी आहेत, विडी ओढू नये. पप्पा विडी ओढत नसत, पण त्यांना तो निरोप फार आवडला.

कुठलीही सहल ट्रायल घेतल्याशिवाय निघायची नाही, हा पप्पांचा नियम होता. कारखान्यात मशीन दुरुस्त केलं की ते आधी रिकामं फिरवून बघायचं, मगच त्यावर माल चढवायचा. घरातही तेच. "माल म्हणजे आपण," ताई मला सांगायची. थंडीतला एखादा शुक्रवार पप्पा एकटेच जायचे. फडक्यात एक भाकरी, पाण्याची बाटली, कानटोपी. संध्याकाळी परत आले की आधी चहा घ्यायचे. मग पँटीला चिकटलेली कुसळं एकेक वेचत अहवाल सुरू व्हायचा. स्टेशनचा जिना कुठल्या डब्यासमोर येतो, नळाला पाणी आहे की नुसता नळ आहे, कुठल्या घरापाशी कुत्रा आहे आणि तो नुसता भुंकतो की अंगावर येतो, दुपारी सावली कुठल्या झाडाची पडते, बाईमाणसांना आडोसा कुठे आहे. शेवटचा मुद्दा ते छताकडे बघत सांगायचे. तो अहवाल मग रोज जेवताना थोडा थोडा वाढत जायचा. "जाऊन यायला एक दिस अन् बोलायला दोन महिने," आई म्हणायची, आणि वर स्वतःच विचारायची, "त्या कुत्र्याचं काय म्हणत होतात काल?" माझ्या मुलाच्या मोबाइलवर आता गाडी कुठे पोचली तेसुद्धा दिसतं. तो चहा पिता पिता ठरवतो आणि कप धुवायच्या आत निघतो. मला त्याची दया येते आणि त्याला माझी.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण सुजाता, रसायनशास्त्र शिकून रबाळ्यालाच रंगाच्या एका कारखान्यात लागली होती, प्रयोगशाळेत. नखांच्या कडेला कायम कसला तरी रंग असायचा. कुणाच्या घरी गेलो की ती भिंतीकडे बघून सांगायची, हा रंग दोन वेगवेगळ्या डब्यांतला आहे, आणि घरमालकाचा चेहरा पडायचा. तिला ती नोकरी मनापासून आवडायची. पण तिचं लग्नाचं वय झालं होतं, म्हणजे आत्याच्या मते ते उलटून चाललं होतं. आत्या स्थळं आणायची. मंडळी यायची, जय भीम व्हायचा, ताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायची, मुलगा खाली बघून पोहे खायचा. चार वेळा हे झालं. त्यातली दोन स्थळं त्यांच्याकडून मोडली आणि दोन ताईने नाकारली. आत्याने पाचवं स्थळ आणलं, तेव्हा ताई म्हणाली, "मी ट्रे घेऊन येणार नाही. खुर्चीत बसून सगळेच चांगले दिसतात. मला माणूस चालताना बघायचाय."

"चालताना म्हंजे?" आईने विचारलं.

"म्हणजे सहलीला बोलवा त्यांना. पप्पा, करता प्लॅन?"

आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "रानात पोरगी दाखवायची? लोकं काय म्हणतील, बाजार भरवला का यांनी?" ताई म्हणाली, "घरात काय वेगळं असतं गं?" पप्पांचे डोळे चमकलेले मी पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे सहलीची ऑर्डर दिली होती.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. पप्पा भिडस्त होते. नाही हा शब्द त्यांच्या तोंडातून निघत नसे. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून त्यांनी एकदा भिंतीला छिद्र पाडायचं हत्यार विकत घेतलं होतं, स्वतः फिटर असताना. आधीच्या दोन स्थळांना ताईचा नकार होता, तोही त्यांनी स्वतः सांगितला नव्हता. आत्याकडून निरोप गेला होता की मुलीला अजून शिकायचंय. पहिल्या मंडळींनी उलट निरोप पाठवला की शिकू द्या, आम्ही थांबतो, आणि ते प्रकरण सहा महिने चिघळलं. म्हणून या वेळी ताईने अट घातली. "मला नको वाटलं तर तुम्ही स्वतः सांगायचं. खोटं कारण नाही, आत्या नाही." पप्पांनी ताटातला भात दोनदा कालवला. मग म्हणाले, "सांगेन." आईने लगेच मला डोळ्यांनी खूण केली. तिचा अर्थ होता, हे काय सांगणार.

स्थळ खरोखर चांगलं होतं. मुलगा महेंद्र, कुर्ल्याला राहणारा, विमा कार्यालयात नोकरी, स्वतःचं घर. वडील लहानपणीच गेलेले. आई होती, आणि मामा होते, ज्यांनी त्याला वाढवलं. मामा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आईला तर हे स्थळ ऐकल्यापासून रात्री झोप नव्हती, म्हणजे आनंदाने. त्यांना सुट्टी रविवारी. पप्पांनी आणि ताईने त्यासाठी रविवारची रजा टाकली आणि पप्पांनी जागा ठरवली आपटा. पनवेलहून पुढे पॅसेंजरने जायचं, छोटंसं गावठी स्टेशन, समोर कर्नाळ्याचा सुळका, मागे रान, चढ असा फार नाही. मामांचं वय, महेंद्रच्या आईचे गुडघे, सगळा विचार करून निवडलेली जागा. आणि काम महत्त्वाचं म्हणून पप्पांनी एकाऐवजी दोन ट्रायल घेतल्या, लागोपाठच्या दोन शुक्रवारी. दुसऱ्या वेळी तर ते पायवाटेवरची बाभळीची एक फांदी कोयत्याने छाटून आले, ताईची साडी अडकू नये म्हणून. सकाळची गाडी, दुपारची परतीची गाडी, दोन्ही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी येताना पाहिल्या होत्या. स्टेशनवरच्या फळ्यावर बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं म्हणे. पण गाडी समोर येऊन उभी राहिल्यावर फळा कोण वाचतो?

तो रविवार उजाडला तो छान थंड. पनवेलच्या फलाटावर पाहुणे भेटले. महेंद्र उंच, शांत, हसला की डावीकडचा दात थोडा पुढे दिसायचा. त्याची आई बारीकशी, पदर डोक्यावरून घेतलेली, बोलायच्या आधी भावाकडे बघणारी. मामांच्या हातात काळी छत्री, थंडीत. गाडीत जागा भरपूर होती. पप्पांनी सगळ्यांना डोंगराच्या बाजूच्या खिडक्या दिल्या आणि प्रत्येक स्टेशन यायच्या आधी त्याचं नाव सांगितलं. आपट्याला उतरलो तेव्हा जिना बरोबर आमच्या डब्यासमोर आला. पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान डोलावली.

रानातला तो फेरफटका मला अजून आवडीने आठवतो. पुढे पप्पा आणि मामा, मध्ये दोन्ही आया, मागे ताई आणि महेंद्र, आणि शिष्टाचार म्हणून त्यांच्या दोन पावलं मागे मी. पानं गळायला लागली होती, पायाखाली चुरचुर वाजत होतं. महेंद्र ताईच्या चालीने चालत होता, पुढे पळत नव्हता. ओढ्यापाशी त्याने आधी स्वतः दगड हलवून बघितला, मग तिला म्हणाला, "या." ताईने त्याला रंगाच्या गोष्टी सांगितल्या. ऐनाच्या खोडाचा करडा आणि सागाचा करडा यांत काय फरक आहे ते दाखवलं, आणि त्याने खरंच वाकून पाहिलं. मग ताईने विचारलं, "लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. चालेल तुम्हाला?" तो म्हणाला, "सोडायची कशाला? इतकं आवडतंय तुम्हाला. कुर्ल्याहून यायला-जायला थोडा त्रास होईल, पण करू काहीतरी." थोड्या वेळाने ताईने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की आपल्याला दाजी मिळाले. दुपारी झाडाखाली डबे उघडले, तेव्हा महेंद्रने ज्वारीची आणि तांदळाची, दोन्ही भाकऱ्या घेतल्या. आईने तर त्याच क्षणी त्याला जावई करून टाकलं.

गाडीच्या वेळेला आम्ही फलाटावर येऊन बसलो. वेळ झाली, गाडी आली नाही. पप्पा म्हणाले, होते थोडी लेट. आणखी वेळ गेला. फलाटाच्या टोकाला एक गावातली बाई उकडलेली कणगरं, रताळ्यासारखे कंद, टोपलीत घेऊन बसली होती. ती आमच्याकडे बघत होती. शेवटी तिनेच विचारलं, "कोनाची वाट बगताव?" पप्पांनी दुपारच्या गाडीचं सांगितलं. ती म्हणाली, "आज आयतवार हाय ना. ती गारी आयतवारची नाय येत. आता संध्याकालची."

पप्पांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. इतकी वर्षं शुक्रवारी फिरलेला माणूस. रविवारी गाड्या वेगळ्या असू शकतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवार नावाच्या वाराशी त्यांचा संबंधच नव्हता. ते फळ्यापाशी गेले, चष्मा लावून वाचलं, परत आले आणि मामांसमोर उभे राहून म्हणाले, "माझी चूक झाली. माफ करा." मग महेंद्रच्या आईला तेच. मग महेंद्रला. महेंद्र म्हणाला, "असू दे हो काका, होतं असं," आणि मला तो अजूनच आवडला. पप्पा आता ऐंशीच्या पुढे गेलेत. हल्ली कुणी काही ठरवायला बसलं की ते आधी विचारतात, वार कोणता आहे? घरातली लहान मुलं हसतात, त्यांना कारण माहीत नाही.

हायवेपर्यंत चालत जाऊन काही वाहन मिळतंय का, असा विचार झाला, पण महेंद्रच्या आईचे गुडघे तेवढे चालणारे नव्हते. मग बसलो. संध्याकाळपर्यंतचा वेळ समोर पसरलेला आणि करायला काही नाही. सुरुवातीला सगळे छान बोलत होते. मग गप्पा संपल्या. मामांनी छत्री उघडून उन्हाच्या बाजूला धरली आणि म्हणाले, "आमच्या कचेरीत कागद पुढे पाठवायच्या आधी वार आणि तारीख बघायची पद्धत होती." पप्पा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. माफ करा." थोड्या वेळाने मामा म्हणाले, "दोनदा येऊन गेलात म्हणता ना? मग दोनदा येऊन काय बघितलंत?" पप्पा म्हणाले, "माफ करा." आई मध्ये पडली, चहा विचारला, चहा तिथे नव्हताच. मामांच्या प्रत्येक वाक्यानंतर मी महेंद्रकडे बघत होते. तो रुळांकडे बघत होता.

त्या दुपारी चांगलं काही झालं असेल तर ते महेंद्रच्या आईमुळे. फलाटामागच्या शेतात काही तरुण पोरं पोपटी लावत होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मडकं उपडं घालून वर आग. धूर आमच्याकडे आला आणि महेंद्रच्या आईने मान वर केली. "भांबुर्डा आहे," ती म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा भावाकडे न बघता बोललेलं वाक्य. "माझं माहेर पेणचं. आमच्या शेतावर लावायचे." आणि ती गुडघ्यांना न जुमानता फलाटाच्या उतारावरून खाली निघाली. ताई पटकन उठून तिचा हात धरून गेली. दोघी त्या पोरांजवळ जाऊन उभ्या राहिल्या. लांबून दिसत होतं, महेंद्रची आई हातवारे करून त्यांना सांगत होती की आग या बाजूला कमी पडतेय. पोरं हसत होती, पण ऐकत होती. त्या परत आल्या तेव्हा ताईच्या पदरात गरम शेंगा होत्या, धुराचा वास लागलेल्या. महेंद्रच्या आईने प्रत्येकाच्या हातात मूठ मूठ दिल्या. माझ्या आईला म्हणाली, "तुमची लेक चांगली आहे हो. धरून नेलं मला." आईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शेंगा सोलता सोलता मामांनी विषय काढला. "नोकरीचं काय ठरवलंय मुलीने? लग्नानंतर कुर्ल्याहून रबाळे, रोज? रंगाच्या कारखान्यात? पोरंबाळं झाल्यावर ते केमिकल घरात? आमच्या घरात बायका नोकरी करत नाहीत." ताईने महेंद्रकडे बघितलं. मीही बघितलं. तो शेंग सोलत होता. मामा म्हणाले, "काय रे महेंद्र?" महेंद्र म्हणाला, "मामा म्हणतात ते बरोबर आहे. नंतर बघू आपण, पण सुरुवातीला तरी नको."

ओढ्यापाशी तो जे बोलला होता त्याला अजून दिवससुद्धा पुरा झाला नव्हता. दुपारची गाडी त्या दिवशी असती, तर आम्ही ते तेवढंच ऐकून घरी गेलो असतो. मला तेव्हा त्याचा फार राग आला. आता तेवढा येत नाही. ज्याने वाढवलं त्याच्यासमोर बोलायला जीभ उचलत नाही, हे मीही पुढे माझ्या सासरी अनुभवलं. तो खोटं बोलला नव्हता. रानात त्याला तसंच वाटत होतं, आणि फलाटावर असं. पण ताईला रानात संसार करायचा नव्हता.

पप्पा बाटल्या भरायला नळावर गेले, तेव्हा ताई त्यांच्यामागे गेली, आणि मी तिच्यामागे. ती हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, माझं नाही." पप्पांनी नळ बंद केला नाही, बाटली भरून पाणी वाहत राहिलं. म्हणाले, "आज कसं सांगू गं बाळा? आज मी त्यांना इथं अडकवून ठेवलंय. त्यांच्यासमोर उभं राहायला मला तोंड नाही."

ताई म्हणाली, "आज नका सांगू. चार दिवसांनी सांगा. पण तुम्हीच सांगा."

"हो," पप्पा म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण मामा थांबणारे नव्हते. ऊन उतरलं, सिग्नल पडला आणि ते उठून उभे राहिले. आवाज एकदम गोड झाला होता. "हे बघा, दिवस गेला तो गेला. पण काम तरी होऊन जाऊ दे. नोकरी सोडायची असेल, तर आमच्याकडून होकार आहे. मुलगी आम्हाला पसंत आहे. निरोप-बिरोप कशाला? तुम्ही आत्ता हो म्हणा, गाडीतच तोंड गोड करू." आईने दोन्ही हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला तिच्याकडे बघवेना. पप्पा म्हणाले, "कळवतो ना तुम्हाला."

"कळवतो काय?" मामा म्हणाले. "एक अख्खा दिवस घेतलात तुम्ही आमचा, या म्हातारीला फलाटावर बसवून ठेवलंत. एक शब्द द्यायला काय जातंय?"

पप्पांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. हो म्हणणार हे. दारावरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि या माणसाचे तर ते दुपारपासून गुन्हेगार होते. ताई माझ्या शेजारी उभी होती, तिने माझं मनगट धरलं. पप्पांनी मान वर केली.

"मामासाहेब," ते म्हणाले, "गाडीबद्दल मी तुमची माफी मागितली. परत मागतो. पण मुलीचं उत्तर नाही असं आहे."

मामांनी विचारलं, "का?"

"तिला नकोय."

"अहो, पण कारण?"

"हेच कारण आहे." दुपारभर जो शब्द सतत त्यांच्या तोंडात होता, तो माफ करा हा शब्द त्यांनी इथे वापरला नाही. त्यांनी नजरही हलवली नाही.

आणि मग गाडी आली. तिथेच खरी गंमत होती, कारण सगळ्यांना एकाच गाडीने जायचं होतं. लग्न मोडलं की माणसं दाराबाहेर पडतात, जिना उतरतात. इथे बाहेर पडायला जागाच नव्हती. मामा त्याच डब्यात दोन बाकं सोडून बसले आणि छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून डोळे मिटले. महेंद्र खिडकीशी बसला, बाहेर अंधारत चाललं होतं तरी बाहेरच बघत. आई आमच्याकडे पाठ करून बसली. महेंद्रची आई मात्र उठून आमच्या बाकाजवळ आली, उरलेल्या शेंगांची पुडी तिने ताईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "गार झाल्या तरी लागतात चांगल्या." ताईने तिचा हात थोडा वेळ हातात धरून ठेवला. एवढंच झालं. मग ती परत भावाशेजारी जाऊन बसली.

पप्पा दारापाशी उभे होते. नेहमी त्या जागी उभं राहून ते आम्हाला स्टेशनांची नावं सांगायचे, त्या दिवशी स्टेशनं नुसतीच येत-जात होती. थोड्या वेळाने ताई उठली आणि शेंगांची पुडी घेऊन त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. एक शेंग सोलून तिने दाणे त्यांच्या हातावर ठेवले. पप्पांनी ते खाल्ले नाहीत, मूठ तशीच मिटून धरली.

"तुझी आई माझ्याशी महिनाभर बोलणार नाही," ते म्हणाले.

"मी आहे ना बोलायला."

गाडी रसायनीला थांबली आणि सुटली. पप्पांनी बाहेर बघतच विचारलं, "चुकलं का गं माझं?"

ताई म्हणाली, "गाडीचं चुकलं, पप्पा. फक्त गाडीचं."